मागच्या खोलीतली भट्टी

घोडेगाव,
१४ जुलै २०२५

चि. सौ. जागृतीस अनेक आशीर्वाद.

साध्वी महासतीजींसमोर हात जोडून मी चार महिन्यांसाठी मोबाइलचं पच्चक्खाण घेतलं, हे प्रितमने तुला सांगितलं असेलच. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मी फोनला हात लावणार नाही, कोणी कानाशी धरला तरी बोलणार नाही. नीलम म्हणते, मम्मी, लोक चातुर्मासात साखर सोडतात, तू हे काय सोडलंस? तिला म्हटलं, तुझ्या आईची साखर डॉक्टरांनी आधीच सोडवली आहे, त्यात माझा त्याग कुठला! तर आता लेकीकडे बसून सुनेला पत्र लिहिते. अक्षर लागलं नाही तर ह्यांना विचार, त्यांनी आयुष्यभर माझं अक्षर वाचलं आहे.

इथे महासतीजी उतरल्या आहेत ते स्थानक घरापासून चार पावलांवर. सकाळी व्याख्यान, दुपारी सामायिक, संध्याकाळी प्रतिक्रमण. कल्पेशराव जावई असून मुलासारखं बघतात. माझी चिंता करू नकोस.

चिंता मला तुमची आहे. ह्यांना सूर्यास्ताआधी ताट लागतं. उशीर झाला तर तोंडाने काही बोलणार नाहीत, नुसते घड्याळाकडे बघत बसतील, आणि ते बोलण्याहून वाईट. चार महिने पालेभाजी बंद. पाणी उकळूनच. जिनलचा डबा आदल्या रात्रीचा नको.

तुझ्या कामाचं काय? पुण्याच्या प्रदर्शनाचं कळलं का? मागच्या खोलीत चाक फिरव, माती मळ, मला काही म्हणायचं नाही. फरशी तेवढी पुसत जा. भट्टी मात्र घरात नको, हे आपलं जिनल पोटात होती तेव्हापासून ठरलेलं आहे. मी बारा व्रतं घेतलेली बाई. भट्टी लावून धंदा करणं हे श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा धंद्यांतलं पहिलं आहे. आजवर तू पुण्याला नेऊन भांडी भाजत आलीस आणि माझा शब्द राखलास, ह्याचं मला समाधान आहे.

तुझी,
मम्मी


आळे,
२२ जुलै २०२५

ती. मम्मींना जागृतीचा सादर जय जिनेंद्र.

पत्र पोहोचलं. पोस्टमनने ते दुकानात पप्पांच्या हातात दिलं, त्यांनी आधी स्वतः वाचलं आणि मग मला दिलं. "घड्याळाकडे बघत बसतील" ही ओळ वाचून ते दोन दिवस घड्याळाकडे पाठ करून बसत आहेत.

घर चाललं आहे. तुम्ही असताना ते आपोआप चालतं असं मला वाटायचं, आता कळतं की आपोआप काही चालत नव्हतं. सूर्यास्ताआधी जेवण म्हणजे चारला कुकर. आणि माझं चाक नेमकं साडेतीनला लागतं, त्याआधी माती ऐकतच नाही. परवा कोपरापर्यंत चिखल असताना जिनलची रिक्षा आली, दूध उतू गेलं आणि दुकानातून प्रितमचा फोन आला की चार पाहुणे चहाला येत आहेत. चौघांनाही चहा मिळाला. एका कपात माती निघाली, पण पाहुणा भला होता, आल्याचा तुकडा समजून प्यायला.

आता आनंदाची गोष्ट. पुण्याच्या प्रदर्शनात मला टेबल मिळालं! कोणाबरोबर वाटून नाही, माझं एकटीचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ताटं, वाट्या, कप, झाकणाच्या बरण्या, सगळं न्यायचं आहे. निरोप आला तेव्हा मी पोळ्या करत होते. त्या दिवशीच्या पोळ्या फुगल्या नाहीत, पण कोणी तक्रार केली नाही.

मागच्या खोलीत थोडी आवराआवर केली आहे. जुन्या गोण्या काढल्या, दुकानातला मोडका वजनकाटा भंगारात दिला. बरीच जागा झाली. भाजण्याचं होईल काहीतरी, तुम्ही काळजी करू नका. मागच्या खेपेला पुण्याला पोहोचेपर्यंत निम्म्या कपांचे कान गेले होते, तसं ह्या वेळी होऊ देणार नाही.

नीलमताईंना आठवण सांगा.

तुमची,
जागृती


घोडेगाव,
१० ऑगस्ट २०२५

जागृती,

काल आपली दूधवाली चिमाबाई इथे आली होती. राखीला भावाकडे आली, तशी माझी चौकशी करायला वाकडी वाट करून आली. चांगल्या मनाची बाई. पाणी प्यायली, बसली आणि म्हणाली, "आक्का, तुमच्या सूनबाईनं लोखंडाचं कपाट आणलंय बगा, त्यात मडकी भाजत्यात. लई तापतंय. धूर न्हाई, जाळ न्हाई, नुस्तं बटन दाबायचं. मी म्हनलं, वहिनी, आता भाकरी बी त्यातच टाका की!"

ती हसली, मीही हसले. ती गेल्यावर मला जेवण गेलं नाही. नीलम म्हणाली, एकवेळ जेवायचं एकासणं आहे असं समज.

म्हणजे गोण्या काढल्या त्या ह्यासाठी. जागा झाली ती ह्यासाठी. मी घराबाहेर पाऊल टाकते आणि माझ्या घरात भट्टी येते, तेही चातुर्मासात! आपल्या घरच्या चुलीशीसुद्धा आपण जपून वागतो, आणि तू हजार अंशाची आग मांडलीस. किती जीव जात असतील, विचार केलास? आणि हे? हे काही बोलले नाहीत का?

भट्टीचं दुःख एक आहे. दूधवालीकडून कळलं, हे दुसरं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी तू नव्हतीस.

मम्मी


आळे,
१३ ऑगस्ट २०२५

ती. मम्मींना सादर जय जिनेंद्र.

भांडं लपवलं, हे खरं. त्याला माझ्याकडे सबब नाही. मी सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तुमचं नाही ऐकून घेऊन वर भट्टी आणायची हिंमत मला झाली नसती. म्हणून तुम्ही गेल्यावर आणली. मला सांगायचं होतं तुम्ही परत आल्यावर, समोर बसून. चिमाबाई माझ्या आधी पोहोचली.

पप्पांचं विचारलंत. त्यांनी भट्टीभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून, आणि एवढंच विचारलं, "मीटर वेगळा आहे ना?" वेगळा आहे म्हटल्यावर दुकानात गेले. त्यांना दोष देऊ नका. प्रितमला देऊ शकता, तो माझ्या बाजूने होता.

आता माझं ऐका. रागावूनच ऐका, पण पूर्ण ऐका.

मी सकाळपासून जे करते ते संध्याकाळपर्यंत संपतं. पोळ्या खाल्ल्या जातात, कपडे मळतात, पुसलेली फरशी पुन्हा पुसावी लागते. मला त्याची लाज नाही, तक्रारही नाही, हे माझंच घर आहे. पण दिवसभरात मी एक वाटी केली तर ती उद्याही असते. माझ्या हातची म्हणून असते. ती वाटी कच्ची असेपर्यंत मात्र ती काहीच नाही, पाणी पडलं की परत चिखल. भाजल्याशिवाय ती वाटी होत नाही. आणि वर्षातून चार वेळा दुसऱ्याच्या भट्टीसाठी हात पसरायचे, त्यांना सोयीचा दिवस आपल्या सोयीचा करायचा, जिनलला शेजारी ठेवायचं, रस्त्यात निम्मं मोडायचं, अशाने माझं काम हळूहळू बंद पडणार होतं. मला ते दिसत होतं. तुम्हाला दिसलं नसेल, कारण मी हसत घरी येत होते.

पहिली भाजणी झाली. मम्मी, दार उघडलं तेव्हा आतलं सगळं शाबूत होतं. एकाही कपाचा कान गेला नव्हता. मी तिथेच खाली बसून रडले. प्रितमला वाटलं भाजलं की काय मला.

पर्युषणाचे आठ दिवस भट्टी बंद राहील, एकदाही पेटणार नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तरी हे मी ठरवलंच होतं. त्यानंतर काचेचा लेप लावून दुसरी भाजणी, की प्रदर्शनाचं काम पुरं. पण भट्टी काढा म्हणालात, तर ते मला जमणार नाही. हे लिहिण्याआधी मी तीन कागद फाडले, तरी लिहिते.

तुमची,
जागृती


घोडेगाव,
२९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. जागृतीस आशीर्वाद.

काल संवत्सरी झाली. हे आणि प्रितम दर्शनाला येऊन गेले. जिनलला ताप म्हणून तू आली नाहीस. ताप खरा होता, असं ह्यांनी शपथेवर सांगितलं, म्हणून मानते. तू त्यांच्याबरोबर घरातल्या सगळ्यांच्या वतीने एकच मिच्छामि दुक्कडम् पाठवलंस. आपण व्यापारी माणसं, पण क्षमा काही घाऊक मिळत नाही. असो. माझ्याकडूनही तुला मनापासून मिच्छामि दुक्कडम्. रागाने लिहिलेल्या शब्दांबद्दल.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग महासतीजींना सगळं सांगितलं. वाटलं होतं त्या तुला दोन शब्द सुनावतील आणि ते मला पत्रात घालता येतील. त्या म्हणाल्या, "बाई, आम्ही भट्टीला हो म्हणणार नाही आणि सुनेशी भांडा असंही सांगणार नाही. व्रत तुम्ही घेतलंय, ते तुम्ही सांभाळा." मोठं माणूस आपलं ओझं आपल्याच डोक्यावर परत ठेवतं.

मग मी ठरवलं. ज्या घरात भट्टी पेटते, त्या घरात मला राहता येणार नाही. पौर्णिमेनंतर मी इथेच राहीन. नीलमकडे मागची खोली मोकळी आहे, स्थानक जवळ आहे. ह्यांना वाटलं तर येऊन जाऊन राहतील. हा राग समजू नकोस. तू तुझं सोडू शकत नाहीस, मी माझं सोडू शकत नाही. भट्टी ठेवायची की काढायची हे तूच ठरव, माझी सक्ती नाही.

जिनलला तापातून उठल्यावर मुगाचं पाणी देत जा.

मम्मी


आळे,
२२ सप्टेंबर २०२५

ती. मम्मींना सादर जय जिनेंद्र.

उत्तराला उशीर झाला. जिनल बरी आहे, शाळेत जाते. पप्पांची तब्येत चांगली. गहू निवडून दळून आणले. तुमच्या कपाटातल्या साड्या उन्हात घालून परत ठेवल्या. चिमाबाईची म्हैस आटली, म्हणून सध्या दूध राजुरीहून येतं, जरा पातळ आहे.

भट्टी बंद आहे. पुण्याच्या प्रदर्शनातलं टेबल मी सोडलं, तिथे आता दुसऱ्या एकीला घेतलं आहे.

बाकी सर्व क्षेम. काळजी नसावी.

जागृती


घोडेगाव,
२८ सप्टेंबर २०२५

चि. जागृती,

तुझं पत्र आलं. "भट्टी बंद आहे" ही ओळ मी नीलमला वाचून दाखवली. ती म्हणाली, बघ, जिंकलीस! कल्पेशराव म्हणाले, मग मम्मी, पौर्णिमेला सामान बांधायचं का?

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो का झाला नाही हे मी दोन दिवस सामायिकात बसून शोधते आहे, म्हणजे सामायिकही नीट झालं नाही.

आधीच्या पत्रात तू माझ्याशी भांडत होतीस. तीन कागद फाडले म्हणून लिहिलंस आणि तरी भांडलीस. ह्या पत्रात गहू आहेत, साड्या आहेत, म्हैस आहे, आणि तू कुठे नाहीस. असं पत्र मला दुकानातला मुनीमही लिहू शकला असता. भांडणारी सून मला सोसते, जागृती. गप्प झालेली सोसत नाही. माझ्या व्रतापायी तू भट्टीचं दार लावून घेतलंस आणि हातचं प्रदर्शन घालवलंस, असं असेल तर मी घरी येऊन कोणाच्या तोंडाकडे बघू? तू ताट वाढशील, मी जेवेन, आणि दोघी बरण्यांसारख्या झाकण लावून बसू.

माझ्यासाठी सोडलंस ना? खरं लिही. ह्या वेळी लपवू नकोस.

तुझी,
मम्मी


आळे,
६ ऑक्टोबर २०२५

ती. मम्मींना सादर जय जिनेंद्र.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग पदराने डोळे पुसले. खरं लिहिते. तुमच्यासाठी नाही सोडलं.

झालं असं. पर्युषण संपलं, मी भांड्यांना लेप लावला, भट्टी भरायला घेतली. तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलंत, शेगडी पेटवण्याआधी पुंजणीने हळूच झाडायची, कुठे मुंगी-किडा नाही ना बघायचं. ती सवय हाताला इतकी बसली आहे की भट्टीलाही मी तशीच झाडते. तर भट्टीच्या दाराला आत डोकावायचं एक भोक असतं, त्यात बोट अडकलं. बघते तर आत ओल्या मातीचं इवलंसं घर. कुंभारीण माशी! आठ दिवस भट्टी थंड राहिली, तेवढ्यात बाईसाहेबांनी माझ्याच बादलीतली माती नेऊन घर बांधलं, आत अंडं घातलं, त्याला खायला अळ्या कोंडल्या आणि दार लिंपून निघून गेली. तिला पंधरा धंदे कोणी शिकवलेले दिसत नाहीत.

प्रितम म्हणाला, चाकूने अलगद काढून खिडकीत ठेवू. मी प्रयत्न केला, तर कड भुगा होऊन पडायला लागली. चिमाबाई म्हणाली, "वहिनी, काडीनं पाडा की. येका माशीपायी पुन्याचं काम घालिवता व्हय?" जिनल आमच्याकडे आळीपाळीने बघत होती, कोण काय करतं म्हणून. मी काडी हातात घेतली होती, मम्मी. खरंच घेतली होती. मग खाली ठेवली. पुण्यातल्या ओळखीच्या भट्टीला विचारलं, तर तिथे दिवाळीपर्यंत जागा नाही. मग टेबल सोडलं.

तुम्हाला हे का नाही कळवलं? कारण तुम्ही म्हणाला असता, बघ, माझी सून किती धर्माची. मला ते नको होतं. मला खूप वाईट वाटत होतं, चीडही आली होती, माशीची, तुमची, माझीसुद्धा. धर्माची शाबासकी घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हते. प्रितमला आणि पप्पांना मीच बजावलं होतं की घोडेगावला बोलू नका.

काल त्या मातीच्या घराला भोक दिसलं. माशी उडून गेली. जिनलने टाळ्या वाजवल्या, पप्पा दुकान सोडून बघायला आले.

आता महत्त्वाचं. उद्या मी भट्टी पेटवणार आहे. ह्या वेळी तुम्हाला आधी माझ्याकडून कळू दे. जानेवारीत पुण्यात दुसरं प्रदर्शन आहे, तिथे अर्ज केला आहे. काम मी सोडणार नाही. पण तुमच्याशिवाय हे घरही मला नको आहे. जिनल रोज विचारते, दादी कधी येणार, आणि मी म्हणते पौर्णिमेला, आणि मला माहीत असतं की मी खोटं बोलते आहे. प्रितम म्हणतो, आळेफाट्यावर गाळा घेऊ, भट्टी तिकडे नेऊ. गाळा मिळेल. मग भाजणीच्या दिवशी मी तिकडे आणि जिनल इकडे, पण तुमचं व्रत राहील आणि तुम्ही घरी याल. तुम्ही म्हणालात तर ते करते. तेवढंच माझ्या हातात आहे.

तुमची,
जागृती


घोडेगाव,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. जागृतीस अनेक अनेक आशीर्वाद.

गाळा नको. मुलीला आईपासून दोन मैल लांब करून मी कसलं व्रत पाळणार?

तुझं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. कल्पेशरावांनी दोनदा वाचायला लावलं. नीलमने विचारलं, मम्मी, तू काडी घेतली असतीस का? मी म्हटलं, छे! नंतर मनाशी म्हटलं, माझं प्रदर्शन कुठे जात होतं, म्हणून मला छे म्हणायला सोपं जातं. मी आयुष्यभर सांभाळलं त्यात माझं गेलं काय? बटाटा, कांदा, आणि आता हा मोबाइल. तू हातची गोष्ट सोडलीस आणि त्याचं कोणाला कळूही दिलं नाहीस.

शाबासकी नको म्हणालीस, म्हणून देत नाही.

मी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घरी येते आहे. कल्पेशराव गाडीने सोडतील. भट्टी आहे तिथे राहू दे. तू भाजलेल्या ताटात मी जेवेन की नाही, हे अजून ठरलेलं नाही, त्याचा आग्रह करू नकोस. प्रायश्चित्त काय घ्यायचं ते मी महासतीजींना विचारून घेईन. ते माझं मी बघेन.

एक गोष्ट मात्र ऐक. शास्त्रात सांगितलं आहे, पाप करणारा, करवणारा आणि बरं केलं म्हणणारा, तिघांचाही दोष सारखा. व्याख्यानात हे आलं की इतकी वर्षं मला धडकी भरायची. काल तेच ऐकताना मनात आलं, की मग ते पाप तिघांत वाटलं जात असेल, एकीवर सगळं पडत नसेल. महासतीजींना विचारलं नाही. त्या असं काही नसतं म्हणतील, आणि मला ते ऐकायचं नाही.

तेव्हा मी आल्यावर जी पहिली भाजणी असेल तिला मला हाक मार. डोळे अजून बारीक किडा ओळखतात. आधी मी आत नीट बघेन, कोपरान् कोपरा. मग तू बाजूला हो, बटण मी दाबते.

तुझी,
मम्मी